उघडलेले कान, बांधलेली जीभ
(पेण-रोह्याच्या नभोवाणी-श्रवणाचा मागोवा)

संत मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात एका बहिऱ्या आणि तोतऱ्या माणसाची हकीकत आली आहे. प्रभू येशू त्याला गर्दीतून बाजूला घेतो, प्रथम त्याच्या कानांत बोटे घालतो आणि मग त्याच्या जिभेला स्पर्श करतो. आधी कान उघडतात, त्यानंतर जीभ मोकळी होते. बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू बालकाच्या कानांना व मुखाला स्पर्श करून जी प्रार्थना करतो, तिचे मूळ या प्रसंगात आहे. हा विधी करताना आमच्या मनात एक विचार अनेकदा येऊन गेला आहे. माणसाप्रमाणे एखाद्या मुलखालाही कान आणि जीभ असतात. जगात काय चालले आहे ते त्याला ऐकू यावे लागते, आणि स्वतःचे सुखदुःख स्वतःच्या बोलीत सांगताही यावे लागते.

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांचे कान नभोवाणीने उघडले, या गोष्टीला आता शतक होत आले. या मुलखाची जीभ मात्र त्या यंत्रापुढे क्वचितच मोकळी झाली. असे का झाले, इतरत्र काय घडले आणि आपल्या हाती काय उरले आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

खाडीपलीकडचा आवाज

मुंबईत नभोवाणीचे पहिले प्रयोग १९२३ साली एका हौशी रेडिओ क्लबने केले. त्यानंतर २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. ही कंपनी खाजगी होती आणि तिची मदार संचांच्या परवान्यांतून मिळणाऱ्या उत्पन्नावर होती. संच महाग व श्रोते थोडे, यामुळे अवघ्या तीन वर्षांत तिचे दिवाळे निघाले. १ एप्रिल १९३० पासून सरकारने हा कारभार आपल्या हाती घेतला. ८ जून १९३६ रोजी या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले आणि पुढे १९५० च्या दशकात ‘आकाशवाणी’ हे नाव सर्वत्र रूढ झाले.

या शास्त्राशी आपल्या धर्मसभेचा संबंध फार जुना आहे. बिनतारी लहरींवर कलकत्त्यात मूलगामी प्रयोग करणारे जगदीशचंद्र बोस हे तेथील सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे विद्यार्थी. पदार्थविज्ञानाची गोडी त्यांना लावली ती येशूसंघीय धर्मगुरू फादर लाफाँ यांनी. मुंबई केंद्र सुरू झाल्यानंतर चारच वर्षांनी, १२ फेब्रुवारी १९३१ रोजी, खुद्द मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून पोप अकरावे पायस यांनी जगाला संदेश दिला. पोपमहोदयांचा प्रत्यक्ष आवाज एकाच वेळी अनेक देशांत ऐकू गेल्याचा तो पहिला प्रसंग होता. पुढे १९५१ साली पोप बारावे पायस यांनी देवदूत संत गाब्रिएल यांना दूरसंचाराचे आश्रयदाते घोषित केले. पवित्र मारियेकडे शुभवार्ता घेऊन येणाऱ्या दूताकडे हे काम सोपवावे, यात मोठे औचित्य आहे.

मुंबईच्या बंदरापलीकडे, धरमतरच्या खाडीच्या वरच्या अंगाला पेण वसले आहे. मुंबई केंद्राचा आवाज ज्या मध्यम लहरींवरून येई, त्या दिवसा जमिनीच्या पृष्ठभागालगत प्रवास करतात. कोरड्या खडकाळ भूमीवर त्या लवकर क्षीण होतात, पण खाऱ्या पाण्यावरून आणि ओलसर खारजमिनीवरून त्या दूरवर टिकतात. पेणचा खारेपाट, मिठागरे, भरतीचे पाणी आत घेणाऱ्या खाड्या हा सारा प्रदेश जणू त्या आवाजासाठी अंथरलेल्या पायघड्याच होता. उलट अलीकडच्या एफ.एम. लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की अडखळतात. त्यामुळे डोंगरकपारीतील वाड्यांना त्या नेहमी सापडतातच असे नाही. निसर्गाने जुन्या नभोवाणीच्या बाबतीत पेणवर कृपाच केली होती.

तथापि प्रारंभीच्या काळात ही कृपा थोड्यांनाच लाभली. संच विकत घेणे सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेरचे होते आणि संचासाठी दरवर्षी पोस्टातून परवाना काढावा लागे. ही परवान्याची पद्धत १९८० च्या दशकात संपुष्टात आली. खरी क्रांती केली ती सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरने. विजेची तार जेथे पोहोचली नव्हती तेथेही १९६० नंतर तो पोहोचला. शेताच्या बांधावर, होडीच्या नाळेजवळ, सलूनच्या फळीवर आणि माजघराच्या कोनाड्यात त्याने आपली जागा केली. आमच्या पिढीचे बालपण त्याच्या खरखरीसह गेले आहे.

कुलाबा जिल्हा ऐकतो

त्या काळी हा कुलाबा जिल्हा होता. १९८१ साली तो रायगड झाला. येथील कितीतरी घरांतील कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा कारखान्यात असे आणि घर सांभाळणारी माणसे गावी असत. मुंबई केंद्राची ‘कामगार सभा’ मुंबईच्या चाळीतही ऐकली जाई आणि गावच्या ओटीवरही. पत्र येण्यास चार दिवस लागत, परंतु धनी जे गाणे ऐकत असेल तेच या घटकेला आपणही ऐकत आहोत, ही जाणीव विरहात मोठा आधार देई. कार्यक्रमाच्या आखणीत ही गोष्ट कोठेही लिहिलेली नव्हती. ती श्रोत्यांनीच निर्माण केली.

दुपारी ‘वनिता मंडळ’ लागे. लीलावती भागवतांसारख्या विदुषींनी त्या कार्यक्रमाला आकार दिला आणि आरोग्य, बालसंगोपन, पाककृती यांचे ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत आणले. ‘पुन्हा प्रपंच’ या मालिकेतील टेकाडेभावजी, मीनावहिनी आणि पंत ही मंडळी तर घरचीच होऊन गेली. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर या कलावंतांचे चेहरे फार थोड्या श्रोत्यांनी पाहिले असतील, पण त्यांचे आवाज शेजाऱ्यांच्या आवाजाइतके ओळखीचे होते. पुणे केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीला गदिमा व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. वर्षभरात त्याची छप्पन्न गीते प्रसारित झाली आणि त्यासाठी लोक कामधाम बाजूला ठेवून संचाभोवती जमत, असे आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. त्यांत ख्रिस्ती घरेही होती. १६१६ साली छापलेले फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मोठ्याने वाचून व ऐकून जतन केले, त्या समाजाला ओवी आणि गीत कानांनी कसे ग्रहण करावे हे निराळे शिकवावे लागले नाही.

मराठी साहित्यावरही नभोवाणीचे ऋण आहे. बा. सी. मर्ढेकर, पु. ल. देशपांडे, मंगेश पाडगांवकर यांनी आकाशवाणीत नोकरी केली. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात आपले अवघे नोकरीचे आयुष्य घालविले. श्रुतिका हा वाङ्मयप्रकार या माध्यमानेच मराठीला दिला. विठ्ठल उमपांसारख्या शाहिरांचा आवाज चाळींच्या आणि मैदानांच्या पलीकडे नेण्याचे श्रेयही नभोवाणीकडे जाते.

हे सर्व देणे मोठे आहे आणि ते कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. परंतु या काळात आपल्या मुलखाचे काम मुख्यतः ऐकण्याचेच राहिले, हेही तितकेच खरे. नभोवाणीने कोणता आवाज ‘योग्य’ मानला याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. भारतीय रागसंगीतातील श्रुती आणि मींड पेटीतून निघत नाहीत, असा आक्षेप होता आणि शास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्यही होते. परंतु हीच पेटी युरोपातून मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडे आली, चर्चच्या गायनवृंदात रुळली आणि गावोगावच्या भजनी मंडळांनी ती आपलीशी केली. आपल्या गावात ज्या वाद्यावाचून गाणे उभे राहत नसे, त्या वाद्याला नभोवाणीचे दार बंद होते. हा नियम कोणी दुष्टपणे केला नव्हता, पण तो करताना गावाला विचारलेही गेले नव्हते.

ऐका, बोला, करा

गावाला विचारले तर काय घडते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची ‘रेडिओ मंडळे’ चालत असत. त्या धर्तीवर युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने १९५६ साली पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेडी निवडण्यात आली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा असे वीस कार्यक्रम प्रसारित झाले. प्रत्येक गावी शेतकऱ्यांचे एक मंडळ संचाभोवती बसे, कार्यक्रम संपताच त्यावर चर्चा करी आणि आपल्या शंका व अनुभव केंद्राकडे लिहून पाठवी. पुढील कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूरॅथ या अभ्यासकाने केली. त्यांनी मंडळ असलेली गावे, केवळ रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे अशी तुलना केली. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडल्याचे दिसले. केवळ रेडिओ असलेली गावे मात्र त्यांच्या खूप मागे राहिली. संच दोन्हीकडे होता. एकीकडे ऐकल्यावर बोलण्याची सोय होती, दुसरीकडे नव्हती. हा निष्कर्ष आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. प्रवचनाच्या बाबतीतही आमचा अनुभव असाच आहे. रविवारी मिस्सेत ऐकलेल्या शब्दावर ज्या घरी जेवताना दोन वाक्ये बोलली जातात, त्या घरात तो शब्द रुजतो.

हा प्रयोग १९५९ पासून देशभर पसरविण्यात आला, पण कागदावर मंडळे वाढली तरी मूळची सजीव देवाणघेवाण पूर्वीसारखी टिकली नाही. आपला कुलाबा जिल्हा त्या पहिल्या पाचांत नव्हता. ज्या भागात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांविरुद्ध संप चालविला, जेथे नारायण नागू पाटलांनी १९३७ साली ‘कृषीवल’ काढून कुळांच्या गाऱ्हाण्यांना छापील वाट करून दिली, त्या भागातील शेतकऱ्यापाशी बोलण्यासारखे काहीच नव्हते, असे कोण म्हणेल?

भाषेचे बळ

स्वतःच्या भाषेतील आवाजाला काय सामर्थ्य असते हे आपल्या शेजारी, गोव्यात, दिसून आले. तेथे पोर्तुगीज राजवटीने १९४६ साली ‘एमिसोरा द गोवा’ हे केंद्र सुरू केले. सरकारी केंद्रावरून लोकांना राज्यकर्त्यांचीच बाजू ऐकू येई. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सह्याद्रीच्या जंगलातून एक गुप्त नभोवाणी बोलू लागली. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोन तरुण आंबोलीच्या रानात व पुढे कॅसलरॉकच्या परिसरात राहून कोकणी व पोर्तुगीज भाषांतून गोव्याला स्वातंत्र्याच्या वार्ता देत राहिले. सहा वर्षे, डिसेंबर १९६१ पर्यंत, हे काम चालू होते. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला तेव्हा या दोघांनी विमानातून ध्वनिवर्धकावर ती वार्ता पणजीवासीयांना सांगितली. पुढे ते विवाहबद्ध झाले. लिबिया लोबो सरदेसाई या आपल्या धर्मभगिनीला २०२५ साली, शंभरी गाठल्यावर, पद्मश्री जाहीर झाली.

लष्करी बळ एका बाजूला आणि झाडीत दडविलेला एक प्रक्षेपक दुसऱ्या बाजूला, असा तो सामना होता. त्या प्रक्षेपकाने सत्य सांगितले आणि ते लोकांच्या बोलीत सांगितले, म्हणून तो ऐकला गेला. गोवा मुक्त झाल्यावर जानेवारी १९६२ मध्ये तेथील केंद्र आकाशवाणीत आले आणि कोकणीला सार्वजनिक नभोवाणीवर हक्काचे घर मिळाले.

मधला जिल्हा

महाराष्ट्रात नागपूर केंद्र १९४८ साली आणि पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. कोकणाच्या वाट्याला १९७७ साली रत्नागिरी केंद्र आले. नंतर सिंधुदुर्गालाही केंद्र मिळाले. १९८४ साली तमिळनाडूतील नागरकोइल येथे देशातील पहिले ‘स्थानिक नभोवाणी केंद्र’ निघाले आणि एका जिल्ह्यापुरते बोलणारे केंद्र ही कल्पना मूळ धरू लागली. अहमदनगर, बीड, सातारा, धुळे, यवतमाळ अशा अनेक ठिकाणी केंद्रे झाली. बाजारभाव, पाणीपुरवठा, स्थानिक कलावंत, जत्रा, हरवलेली माणसे असे विषय त्यांच्या कक्षेत आले.

रायगड मात्र मधल्यामध्ये राहिला. मुंबई इतकी जवळ की येथे वेगळे केंद्र हवे असे वाटू नये, आणि इतकी मोठी की तिच्या कार्यक्रमांत पेण-रोह्याची पाळी क्वचितच यावी. मुंबईच्या छायेतील मुलखाचे हे प्राक्तनच आहे. दिव्याखाली अंधार असतो तसे मोठ्या केंद्राखाली मौन असते.

या मौनाची किंमत संकटकाळी कळते. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला महापूर आला. २३ आणि २४ तारखेच्या त्या पुरात सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले आणि रोहा तालुक्यातील नागोठणेही पाण्याखाली गेले. आम्ही तेव्हा सेमिनरीत शिकत होतो. बातमीपत्रात या गावांची नावे ऐकली तेव्हा सर्व काही घडून गेले होते. आपल्या परिचयाच्या गावाचे नाव नभोवाणीवर प्रथम ऐकावे आणि ते मृतांच्या आकड्यासह ऐकावे, हा अनुभव विसरता येत नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यात दरडींनी वाड्या गिळल्या. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे मुके झाले आणि कित्येक गावे दिवसेन्‌दिवस अंधारात राहिली. हाताच्या मुठीत सारे जग असल्याचा अभिमान बाळगणारी आमची तरुण मंडळी त्या दिवसांत शेजारच्या गावाची खबर आणण्यासाठी पायी निघाली. सेलवर चालणारा जुना संच तेव्हाही बोलू शकत होता, परंतु कोणता पूल उघडा आहे, कोणत्या शाळेत आसरा आहे, पाण्याचा टँकर कोठे उभा आहे, हे सांगणारा पेणचा किंवा रोह्याचा आवाज त्या संचात नव्हता.

इतरत्र जे आहे तेही सुरक्षित नाही. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग हलविण्याचा आदेश निघाला होता. लोकांनी आवाज उठविल्यावर त्याला स्थगिती मिळाली. बोलण्याची सोय मिळवावी लागते आणि मिळाल्यावर राखावीही लागते, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

कुंडलिकेच्या मुखाशी

आपल्या मुलखापाशी सांगण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. रोह्याहून कुंडलिका नदीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की तिच्या मुखाशी उत्तर तीरावर रेवदंडा आणि दक्षिण तीरावर कोर्लई लागते. कोर्लईच्या किल्ल्याखाली आपल्या धर्मबांधवांची वस्ती आहे. पोर्तुगीज १७४० साली हा प्रदेश सोडून गेले, पण त्यांच्या भाषेचा मराठीशी संसार होऊन जन्मलेली एक बोली या गावात अद्याप जिवंत आहे. बोलणारी माणसे सुमारे हजारभर. ती तिला ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, असे म्हणतात. क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाने तिच्यावर लिहिलेला ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. जगातील विद्वान जिचा अभ्यास करतात, त्या बोलीतील अंगाईगीत आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

पेणच्या खारेपाटात आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण लागते. ही वयस्क स्त्री लग्नाच्या प्रत्येक विधीला धवले गाते आणि तिच्या गाण्यावाचून विधी पुरा होत नाही. ‘धवळे’ हा शब्द मराठीत किती जुना आहे ते महानुभाव कवयित्री महदंबेच्या तेराव्या शतकातील धवळ्यांवरून कळते. सातशे वर्षांचा हा धागा एखाद्या आजीच्या कंठात शिल्लक असतो आणि ती गेली की तेवढा तुटतो. डोंगराच्या कुशीतील कातकरी वाड्यांची गाणी, पेण-रोह्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आणि बहुतांशी इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल बांधवांची मराठी कीर्तने, नाताळच्या रात्री आपल्या जुन्या वस्त्यांत म्हटली जाणारी गीते, ही सारी याच जातीची संपत्ती आहे.

खाद्यसंस्कृतीचेही तेच. ‘वनिता मंडळा’तून आमच्या घरी केक आला, कटलेट आले, त्याबद्दल तक्रार नाही. पण थंडीत शेताच्या कडेला लागणारी पोपटी फार थोड्यांनी नभोवाणीवर ऐकली असेल. मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला घालावा, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, हवी तर अंडी किंवा कोंबडी रचावी, पुन्हा पाल्याने तोंड बंद करावे, मडके उपडे ठेवून भोवती पेंढा पेटवावा. पाण्याचा थेंब घालावयाचा नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावर सारे शिजते. केव्हा शिजले हे घड्याळाने कळत नाही, मडक्यावर पाण्याचे थेंब टाकून जाणकार कानाने ओळखतो. ही कृती कागदावर लिहिता येईल, पण ती सांगणाऱ्याचा सूर, मध्येच येणारा विनोद आणि आगरी बोलीचा हेल कागदावर उतरत नाही. पेणचे पोहे आणि पापड, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणेशमूर्तींची डोळ्यांची आखणी करणारे हात, पोलिसांची सलामी घेऊन निघणारी रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी, या प्रत्येकाला एक आवाज आहे आणि तो ऐकण्याजोगा आहे.

गावकऱ्यांच्या हाती प्रक्षेपक

तो ऐकविण्याचे काम एखाद्या गावाने स्वतः करावे, ही कल्पना स्वप्नवत वाटेल. ती प्रथम ज्याने अंमलात आणली तो एक तरुण धर्मगुरू होता. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, आन्दीज पर्वतातील सुतातेन्सा या धर्मग्रामात फादर होसे होआकिन साल्सेदो यांची नेमणूक झाली. लोक गरीब, बहुतेक निरक्षर, घरे डोंगरात विखुरलेली. १९४७ साली फादरांनी एक लहान प्रक्षेपक उभारला आणि घराघरांत सेलवर चालणारे संच पोहोचविले. शेजारची माणसे एका घरी जमत आणि एक शिकलेला गावकरी त्यांना फळ्यावर मदत करी. अक्षरओळख, शेती, आरोग्य, गाणी आणि प्रार्थना यांचे पाठ चालत. या ‘रेडिओ सुतातेन्सा’तून लक्षावधी शेतकरी साक्षर झाले आणि लॅटिन अमेरिकेतील लोकनभोवाणीचा तो पाया ठरला. चाळीसएक वर्षांनी ते केंद्र बंद पडले, पण त्याची परंपरा अनेक देशांत पुढे चालली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांवरील आदेश संमत केला, त्याच्या कितीतरी आधी एका खेडेगावच्या धर्मगुरूने त्यातील आशय आचरणात आणला होता.

भारतात हा मार्ग मोकळा झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालाने. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा त्या निकालात प्रमुख वाटा होता. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारची किंवा धनिकांची मिरास नव्हे, असे तत्त्व त्यात मांडले गेले. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणीची अनुमती मिळाली. शंभर वॅट इतक्या अल्प शक्तीचा प्रक्षेपक, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू आणि निदान अर्धे कार्यक्रम स्थानिक लोकांनी केलेले, असे त्याचे स्वरूप आहे. २००८ साली आंध्रातील, आजच्या तेलंगणातील, मेदक जिल्ह्यात दलित स्त्रियांनी ‘संघम रेडिओ’ सुरू केला. त्याच वर्षी साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवड येथे, ‘माणदेशी तरंग’ बोलू लागला. तेथील बायाबापड्या आपल्या ओव्या, आपली पाककृती, आपला व्यवसाय आपल्या बोलीत सांगतात आणि ते ऐकणारी शेजारीण दुसऱ्या दिवशी वाटेत भेटून त्यावर मत देते. १९५६ च्या प्रयोगातील ‘ऐका, बोला, करा’ हे सूत्र तेथे पुन्हा जिवंत झाले. अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, ही मर्यादा आहे. परंतु आपत्तीच्या सूचना, पाणी, वीज, जत्रा, परीक्षा यांची माहिती देता येते. जून २०२० मध्ये पेण-रोह्याला नेमके हेच हवे होते.

आपल्या मुलखात असे केंद्र उभे राहावे ही आमची इच्छा आहे. परंतु इच्छेची वाट पाहत आवाज थांबत नाहीत. धवलारीण थांबणार नाही, कोर्लईची आजी थांबणार नाही. म्हणून निदान एक गोष्ट आपण करू शकतो. प्रत्येक घरात आज ध्वनिमुद्रण करू शकणारा फोन आहे. येत्या उपवासकाळात प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील किंवा शेजारातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीसमोर एक तास बसावे. शेजार म्हणताना आगरी, कोळी, कातकरी, मुसलमान शेजारीही धरावेत. त्यांची परवानगी घ्यावी, गाणे, गोष्ट, पदार्थ, पुराची आठवण, जे ते सांगतील ते ध्वनिमुद्रित करावे, आणि आरंभी गाव, तारीख व सांगणाऱ्याचे नाव स्पष्ट उच्चारावे. धर्मग्रामाच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याची नोंद आपण दोन-दोनशे वर्षे जपतो. तेवढ्याच काळजीने हे आवाज जपावेत. उद्या नभोवाणी केंद्र आलेच, तर त्याच्यापाशी पहिल्या दिवशी ऐकविण्यासारखे काही असेल. न आले, तरी नातवंडांपाशी असेल.

मागील वर्षी एका अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला आम्ही ख्रिस्तप्रसाद देण्यास गेलो होतो. उशाशी जुना ट्रान्झिस्टर होता. तिचे सारे आयुष्य त्याने सोबत केली, असे ती म्हणाली. मग थोडे थांबून हसत म्हणाली, “फादर, हा इतकी वर्षं बोलला, पण मला कधी काय विचारलंन नाय.” आम्ही पिशवीतून फोन काढला आणि खुर्ची जवळ ओढून तिला तिच्या लग्नातले गाणे विचारले. पहिली ओळ आठवण्यास तिला वेळ लागला. नंतर ती पाऊण तास गात होती.